काही काम नव्हतं

(स्त्री-संघटनांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' असा विषय मला दिला आहे. मी रीतसर टिपणं काढली होती. काल रात्री ती वाचायला घेतली आणि माझे मलाच डोळे मिटायला लागले. जेवणानंतरचं सत्र, त्यात बाहेर हा पाऊस, तुमचं काय होईल ते मला दिसायला लागलं. म्हणून टिपणं पिशवीतच राहू देते आणि गेल्या पावसाळ्यातल्या एका दिवसाची हकीकत सांगते. त्या दिवशी मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी साठी उलटलेल्या, मुंबईतल्या एका मॉलमध्ये व्हिडिओ गेम खेळायला गेलो होतो.

हसा, हसा. आम्हीही पोटभर हसलो. पण घरी परत आल्यावर दोन दिवस मला झोप नीट लागली नाही. त्याचं कारण शोधता शोधता जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

मैत्रिणीने बजावलं आहे, "सगळं सांग, पण नाव घालू नकोस." तेव्हा मी तिला मैत्रीणच म्हणेन. ती गिरणगावातली. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली तेव्हा नवरा गिरणीत साच्यावर होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तिची मुलगी सहा महिन्यांची होती. अडीच लाख कामगारांचा तो संप कसा लांबला आणि घराघरांत काय काय विकलं गेलं, हे इथे अनेकींना माहीत आहे. माझ्या मैत्रिणीने डबे सुरू केले. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली ज्या खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांच्या वाटेने गिरणगावात कितीतरी बायका गेल्या, त्यांतली ही एक. पुढे नवरा गेला. मुलगा आणि मुलगी तिने पोळ्या लाटून वाढवली. आमची ओळख संपाच्या काळातल्या बायकांच्या मोर्च्यातली. ती मोर्च्यात पोर कडेवर घेऊन आली होती आणि मी कॉलेजातून आले होते. तेव्हापासून आम्ही बरोबर आहोत.

आता मॉलमध्ये कशा गेलो? तिच्या नातवाचा वाढदिवस तिथे झाला. तिथे खेळायला कार्ड घ्यावं लागतं, त्यात आधी पैसे भरायचे. मुलं खेळून दमली तरी कार्डावर चारशे साठ रुपये उरले, आणि ते महिन्याअखेर बुडणार होते. मुलाला रजा नाही, नातवाची परीक्षा. मैत्रिणीचा मला फोन आला, "अगं, चारशे साठ रुपये बुडतायत. आपण जाऊ या का?"

तिला जायचं होतं म्हणून ती म्हणाली नाही की जाऊ या. पैसे बुडतायत म्हणून म्हणाली. बाईला खेळायला जायलाही आधी बचतीचं कारण लागतं.

घरी तिने काय सांगितलं? "म्हाडात कागद दाखवायला बोलावलंय." गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, तेव्हापासून गिरणगावातल्या बायकांना हा एक बरा बहाणा झाला आहे, त्याबद्दल कुणी उलटं विचारत नाही. मी मनात तिला हसले. मग आठवलं, मी स्वतः घरून निघताना काय सांगून आले होते? "मीटिंग आहे." चाळीसेक वर्षं स्त्रीमुक्तीच्या गोष्टी करणारी मी, आणि 'मैत्रिणीबरोबर खेळायला जाते' एवढं साधं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. शिवाय खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फाइल. फाइलमध्ये काही नव्हतं. कामाला निघाल्यासारखं दिसावं म्हणून ती घेतली होती.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. मुंबईतल्या बायका बाहेर पडताना आपण कामाला निघालो आहोत हे सतत दाखवत राहतात, हे त्यांनी अभ्यास करून मांडलं. बाई रस्त्याने भराभर चालते, हातात काही धरते, कानाला फोन लावते. नुसती उभी राहिली तर बघणाऱ्याला प्रश्न पडतो की ही इथे का? आणि त्यांचं म्हणणं असं की बिनकामाचं बाहेर रेंगाळता येणं हाच शहरावरचा खरा हक्क. मी हे पुस्तक वाचलं आहे, त्यावर बोललेही आहे. तरी फाइल घेतलीच.

तर आम्ही करी रोडला उतरलो तो पाऊस धरला. तुम्हाला मुंबईचा पाऊस सांगायला नको. छत्रीचा काही उपयोग होईना. एका दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो. पाचएक मिनिटं झाली नाहीत तोच दुकानदार म्हणाला, "बाई, घ्यायचं असेल तर आत या, नाहीतर जरा पुढे व्हा." पलीकडच्या पानाच्या गादीजवळ सहा-सात पुरुष उभे होते. त्यांना कुणी पुढे व्हा म्हणत नव्हतं.

तिथून निघताना मैत्रीण म्हणाली, "फोर्टात बरं होतं नाही?" तिला काय आठवलं ते मला लगेच कळलं. संपाच्या पावसाळ्यात एकदा आझाद मैदानावरून परत निघालो आणि असाच पाऊस आला. आम्ही दीड-दोनशे बायका, भिजलेले फलक, कडेवर पोरं. व्ही.टी.च्या बाजूला दादाभाई नौरोजी रोडवर इमारतींच्या खालून ती कमानींची वाट जाते ना, तिथे सगळ्या शिरलो. नगरपालिकेच्या जुन्या नियमानेच त्या इमारतींना खाली अशी झाकलेली वाट ठेवावी लागली होती, चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये म्हणून. तासभर आम्ही तिथे होतो. कुणी शेंगदाणे वाटले, कुणी गाणी म्हटली. 'घ्यायचं असेल तर या' असं तिथे कुणी म्हणालं नाही. त्या कमानींच्या वाटेला इंग्रजीत आर्केड म्हणतात. आणि नातवाच्या कार्डावर जे नाव छापलं होतं तेही आर्केडच. शब्द तोच. फरक इतकाच की एकात शिरायला कार्ड लागत नव्हतं.

मॉलच्या दारात तपासणी. बायकांसाठी वेगळा पडदा, आत एक बाई यंत्र फिरवते. भिजलेली साडी, चिखलाच्या चपला, हातात कापडी पिशव्या. आमच्या पुढच्या तिघी मुली सरळ गेल्या. आम्हाला पहारेकऱ्याने विचारलं, "कुठे जायचंय?" मैत्रिणीने पदराच्या गाठीतून कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "खेळायला." तो बघतच राहिला. मग हसून म्हणाला, "जा मावशी, जा." त्याचा राग आला नाही. बारा तास दारात उभा राहणारा माणूस. कुणाला अडवायचं आणि कुणाला नाही, हे त्याला कपडे बघून ठरवायला शिकवलेलं असतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा आम्ही कुठे गेलो? बरोबर, तिथेच. आणि मी तुम्हाला खरं सांगते, त्या स्वच्छतागृहात माझी मैत्रीण दोन मिनिटं नुसती उभी राहिली. कोरडी फरशी, उजेड, आतून लागणारी कडी, पिशवी अडकवायला खुंटी, नळाला पाणी. आणि पैसे नाहीत. डबे पोचवायला वीस-बावीस वर्षं ती दादर ते नरिमन पॉइंट फिरली. सकाळी निघाल्यापासून दुपारी घरी येईपर्यंत पाणी प्यायची नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठे? मूतखड्याचं दुखणं त्यातूनच जडलं असं ती म्हणते. ती म्हणाली, "एवढ्यासाठी तरी रोज यावं गं इथे."

हे वाक्य आपण नीट ऐकलं पाहिजे. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली तेव्हा लोक नावालाच हसले होते. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने याच प्रश्नावर उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं पुरवण्याचे आदेश दिले. न्यायालयापर्यंत जावं लागलं. आणि इकडे मॉलने एका दिवसात ते दिलं, कारण बाई तीन तास थांबली तर खरेदी करेल हा हिशोब मॉलला कळतो. नगरपालिकेला बाई तीन तास बाहेर असते हेच कळत नाही.

मग आम्ही त्या खेळांच्या दालनात गेलो. अंधार, त्यात लाल-निळे दिवे, आणि आवाज तर असा की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. मी म्हटलं, एक चक्कर मारून परत जाऊ. मैत्रीण म्हणाली, "चारशे साठ रुपये आहेत, एक चक्कर काय मारतेस?" एका यंत्रात बिळं होती. बिळांतून प्लॅस्टिकचे प्राणी डोकं वर काढतात, त्यांना हातोड्याने मारायचं. तिने पदर खोचला. हजारो भाकऱ्या थापलेला हात तो. एक डोकं सुटलं नाही. यंत्रातून तिकिटांची माळ बाहेर यायला लागली ती थांबेना. दोन शाळकरी पोरं स्वतःचा खेळ सोडून बघायला आली. "आजी, जबरदस्त!" मग बास्केटबॉल टाकायचा खेळ. मग हवेवर तरंगणाऱ्या चकतीचा, टेबलाच्या दोन बाजूंना दोघींनी उभं राहून खेळायचा. त्यात आम्ही इतक्या आरडाओरडा केला की माझा घसा बसला. मी शेवटची एवढ्या मोठ्याने केव्हा ओरडले होते? मोर्च्यात. पण ते रागाने. आनंदाने ओरडल्याचं काही केल्या आठवेना.

खेळून दम लागला तेव्हा तिथल्याच एका मोटरसायकलवर ती बसली. तीही खेळातली, जागच्या जागी हलणारी. तिथे बसून ती म्हणाली, "माझं लग्न झालं त्या वर्षी नागपंचमीला झोका खेळले होते. त्याच्यानंतर आजच."

आपल्याकडे बायकांना खेळ नव्हते असं नाही. फुगडी, झिम्मा, पिंगा, नागपंचमीचे झोके. कुणाकुणाच्या घरी मंगळागौरीची रात्रभर जागरणं. हे सगळं श्रावणात, असल्याच पावसात. पण बघा, प्रत्येक खेळाला एक व्रत जोडलेलं आहे. देवाचं नाव, नाहीतर नवऱ्याच्या आयुष्याचं. मंगळागौर नव्या नवरीची, लग्नानंतरची पहिली काही वर्षं, मग संपलं. आणि ज्या बाईचा नवरा गेला तिने काय करायचं? माझी मैत्रीण तिशीतच विधवा झाली. चाळीतल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत नव्हतं. फुगडीचा फेर धरला की ती दारात उभी राहून बघायची. 'तू ये' असं कुणी म्हणायचं नाही, 'येऊ नको' असंही नाही. आता जमाना थोडा बदलला, पण तिचं वय निघून गेलं.

त्या यंत्राने तिला कपाळावर काय आहे ते विचारलं नाही. जात विचारली नाही, वय विचारलं नाही. कार्ड विचारलं. पैशाचा हा गुण आपण मान्य करू या, आणि त्याच दमात त्याचा दोषही. ज्या दिवशी कार्डावरचे चारशे साठ रुपये संपले, त्या दिवशी यंत्रही तिच्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या शेजारणीसारखंच. 'येऊ नको' म्हणत नाही, पण दिवाही लागत नाही.

तिकिटं घेऊन आम्ही गल्ल्यावर गेलो. तिकिटांच्या बदल्यात बक्षीस मिळतं. गल्ल्यामागे एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची, दिव्याहून येणारी. तिकिटं मोजताना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. पायाला सूज दिसत होती. मैत्रिणीने विचारलं, "बसायला काही नाही का गं तुला?" ती हळूच म्हणाली, "बसायचं नसतं मावशी. कॅमेरा आहे. बसलेलं दिसलं की साहेब बोलतात." सकाळी साडेदहापासून रात्री साडेआठपर्यंत उभी. मधे अर्धा तास जेवणाचा. पाळी असली तरी उभीच.

मला आपलं काहीतरी आठवत होतं. नंतर घरी येऊन बघितलं. १९४८ च्या कारखाने कायद्यात ४४ वं कलम होतं : ज्या कामगाराला उभं राहून काम करावं लागतं त्याला मधे संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बसायची सोय मालकाने करायची. गिरणीच्या जमान्यात कागदावर का होईना, स्टूल होतं. आणि केरळमध्ये बघा. कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींची हीच तऱ्हा होती. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना एकत्र केलं, 'पेण्कूट्ट' ही संघटना उभी केली. सुरुवात स्वच्छतागृहापासून झाली आणि मग त्या बसण्याच्या हक्कापर्यंत आल्या. काही वर्षं लढल्या. २०१८ साली केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. पायाला सूज येते ही गोष्ट कायद्यात लिहून घ्यायला बायकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

आमच्या पिशवीत थालीपिठं होती. खाद्यपदार्थांच्या मजल्यावर बसलो तर सांगितलं, बाहेरचं खाता येणार नाही. दोन चहांचे दोनशे चाळीस रुपये. मैत्रीण म्हणाली, "एवढ्यात माझ्याकडे चार माणसं जेवायची." आम्ही परत फिरत होतो तेवढ्यात ती गल्ल्यावरची मुलगी भेटली, डबा घेऊन निघालेली. "मावशी, इकडे या. आम्ही जिन्यात जेवतो." मागच्या बाजूला सिमेंटचा जिना, आग लागली तर उतरायचा. तिथे पाचसहाजणी बसल्या होत्या. दोघी सफाईच्या, एक कपड्यांच्या दुकानातली, एक त्या तपासणीच्या पडद्यामागची. सगळ्या पायऱ्यांवर पाय लांब करून. आम्ही बसलो. थालीपीठ फिरलं, कुणाची भेंडी आली, कुणाचं लोणचं. एकीने विचारलं, "तुम्ही बहिणी का?" "नाही, मैत्रिणी." "कुठे काम होतं?" मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काही काम नव्हतं. खेळायला आलो."

त्या आधी गप्प झाल्या. मग एवढ्या हसल्या की जिना दणाणला. सफाईची एक बाई म्हणाली, "चार वर्षं पुसते मी ती यंत्रं. एकदा पण खेळले नाही." कार्डावर तेव्हा ऐंशी रुपये उरले होते. मैत्रिणीने ते कार्ड तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "आम्हाला चालत नाही, ताई." आणि परत दिलं.

त्या जिन्याच्या खिडकीतून जुनी चिमणी दिसते. तुम्हाला माहीतच आहे, हे मॉल कशावर उभे आहेत. १९९१ साली नियम झाला होता की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश नगरपालिकेकडे, मोकळ्या जागांसाठी; एक तृतीयांश म्हाडाकडे, घरांसाठी; आणि उरलेली मालकाकडे. २००१ साली त्यात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, असं ठरलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शहराच्या वाट्याला यायची होती त्यातली फार थोडी जमीन आली. ती आली असती तर तिथे बाग झाली असती, बाकं आली असती, छप्पर आलं असतं, वाचनालय आलं असतं. पाऊस आला म्हणून कुणी 'पुढे व्हा' म्हणालं नसतं. मैत्रीण त्या चिमणीकडे बघून एवढंच म्हणाली, "आपल्याच जागेत आपण कार्ड घेऊन आलो."

आता मला आपल्याकडे वळायचं आहे. ही हकीकत मी एका बैठकीत सांगितली तेव्हा एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, तुम्हीसुद्धा मॉलला जायला लागलात?" तिचा रोख मला समजतो. मॉलची आरती ओवाळायला मी उभी नाही. पण बाया तिथे का जातात हे आपण विचारलं पाहिजे. तिथे छप्पर आहे, उजेड आहे, स्वच्छतागृह आहे, आणि चांगले कपडे घातले असतील तर 'इथे का बसलात' असं कुणी विचारत नाही. हे सगळं आपण मागायला हवं होतं सरकारकडे. आपण मागितलं का?

आपण मारहाणीविरुद्ध लढलो, हुंड्याविरुद्ध, बलात्काराच्या कायद्यासाठी, पाण्यासाठी, रेशनसाठी, मजुरीसाठी. ते लढलोच पाहिजे होतं आणि अजून संपलेलं नाही. पण आपल्या मागण्यांच्या एकाही पत्रकात 'फुरसत' हा शब्द मी लिहिलेला मला आठवत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत निघालं की घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं, आणि मुळात करणारे पुरुषच थोडे. पाच तास! हा आकडा आपण भाषणात सांगतो, घरकामाची किंमत धरा म्हणतो. पण त्या पाच तासांतला एक तास सुटला तर बाईने तो कुठे घालवायचा? तिला जायला जागा कुठली? पुरुषाला पार आहे, कट्टा आहे, पानाची गादी आहे, मंडळाची कॅरमची खोली आहे. चाळीत बाई निवांत गॅलरीत बसली तरी पुढ्यात तांदळाचं सूप असतं. रिकाम्या हाताने बसलेली बाई आपल्यालाच बघवत नाही.

आणि एक गोष्ट खाजगीत कबूल करू या. आपल्यातल्या कितीजणींना ही शिबिरंच विरंगुळा होती! रात्री सतरंजीवर आडवं पडून केलेल्या गप्पा, गाणी, एकमेकींच्या नकला. त्यासाठी आपण घरी 'संघटनेचं काम' असं सांगून यायचो. काम होतंच. पण त्याबरोबर हसणंही होतं, आणि ते हसणं आपण अहवालात कधी लिहिलं नाही.

त्या दिवशी गाड्या उशिरा होत्या. मैत्रीण घरी पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. दारात सून. "आई, म्हाडात एवढा वेळ?" मैत्रीण मला नंतर सांगत होती, उत्तर तयार होतं, साहेब जागेवर नव्हते, रांग मोठी होती. पण हातात ती बक्षिसाची वस्तू होती, प्लॅस्टिकची शिट्टी असलेली किल्ल्यांची साखळी. आणि जिन्यात एकदा खरं बोलून झालं होतं. ती म्हणाली, "म्हाडात नव्हते गेले. खेळायला गेले होते. कार्डावरचे पैसे संपवायला, आणि नुसतंच खेळायला पण." सुनेने तोंड फिरवलं आणि आत गेली. मैत्रिणीला वाटलं, आता हे मुलाच्या कानावर जाणार. सुनेने पान वाढलं. वाढता वाढता म्हणाली, "मला का नाही विचारलंत?"

ही सून सकाळी साडेसातची गाडी पकडते आणि रात्री सातला येते. तिला विचारावं हे सासूच्या मनातही आलं नव्हतं. आणि माझ्याही नाही.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. एक, आपल्या मागण्यांत छप्पर, बाक आणि स्वच्छतागृह असलेली, पैसे न लागणारी बसायची जागा घाला, वॉर्डात एक, गावात एक. दोन, दुकानांत आणि मॉलमध्ये उभं राहणाऱ्या मुलींना बसायला स्टूल, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या आपल्या संघटनांनी हातात घ्यावा. केरळच्या बायकांनी वाट दाखवून ठेवली आहे. त्या मुलींशी बोलायचं असेल तर दुकानात जाऊ नका, जेवणाच्या वेळी मागच्या जिन्यात जा.

आणि तिसरं काम आजच घरी जाऊन करायचं. आपापल्या गावात, आपल्या वस्तीत, भर पावसात बाई काही विकत न घेता, कुणी न उठवता तासभर कुठे बसू शकते, त्याची यादी करा. देवळाच्या पायऱ्या लिहिल्या तर तिथे कुठल्या बाईला बसू देत नाहीत तेही लिहा. एस.टी. स्टँड लिहिलं तर संध्याकाळी सातनंतर तिथे कोण बसतं ते लिहा. पुढच्या बैठकीला याद्या घेऊन या. कागद कोरा राहिला तर कोराच आणा.

आणि बैठकीला निघताना घरी काय सांगून निघालात, तेही खरं खरं सांगा.